मोटारचालन

मोटारगाडी नियंत्रणाखाली ठेवून, स्वतःस व इतरांस इजा न होता आणि इंधन व यंत्रभाग यांचा अपव्यय न करता इष्ट स्थळी नेण्याच्या कौशल्यास मोटारचालन म्हणतात. गाडी सुरू करणे, गिअर बदलणे, वळविणे व थांबविणे या क्रिया काही आठवड्यांच्या सरावाने अंगवळणी पडतात. रस्ता, हवामान, वाहतूक व गाडीतील भार यांनुसार वेग आणि अंतर यांचा अचूक अंदाज करणे हा मात्र या कौशल्याचा गाभा असून तो हातापायांच्या सफाईपेक्षा निर्णयशक्तीवर अधिक अवलंबून असतो. भारतात २०२२ साली ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. यांपैकी सु. ७० टक्के मृत्यूंच्या बाबतीत अतिवेग हे कारण नोंदले गेले. यावरून वेगाच्या निवडीचे महत्त्व स्पष्ट होते. प्रस्तुत नोंदीत हलक्या चारचाकी गाडीच्या चालनाचा, मुख्यतः महाराष्ट्रातील रस्ते व ऋतू यांच्या अनुरोधाने, विचार केला आहे.

कायदा व परवाना : भारतात मोटार वाहनांविषयीचा कायदा प्रथम १९१४ मध्ये करण्यात आला. त्याची जागा १९३९ च्या व पुढे १९८८ च्या अधिनियमाने घेतली. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला असून २०१९ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या. हलकी मोटारगाडी चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रथम शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने असते व तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. पेक्षा अधिक असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. रस्त्यावरील वर्तनाचे तपशीलवार नियम २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत दिलेले आहेत.

थांबण्याचे अंतर : धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ती जे अंतर कापते त्याचे दोन भाग पडतात. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत काही काळ लोटतो. त्या काळात गाडी मूळ वेगानेच पुढे जाते, हे प्रतिक्रिया अंतर होय. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर हे ब्रेक अंतर होय. प्रतिक्रिया अंतर वेगाच्या सम प्रमाणात वाढते. ब्रेक अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, कारण गाडीची जी गतिज ऊर्जा ब्रेकना शोषून घ्यावयाची असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. टायर व रस्ता यांमधील घर्षणावर ब्रेक अंतर अवलंबून असते [⟶ घर्षण]. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक ०·७, ओल्या रस्त्यावर ०·४ आणि प्रतिक्रिया काल १ सेकंद धरल्यास सपाट रस्त्यावर पुढीलप्रमाणे अंतरे येतात :

| वेग (किमी./तास) | प्रतिक्रिया अंतर (मी.) | एकूण अंतर, कोरडा रस्ता (मी.) | एकूण अंतर, ओला रस्ता (मी.) |
|---|---|---|---|
| ३० | ८ | १३ | १७ |
| ६० | १७ | ३७ | ५२ |
| ९० | २५ | ७१ | १०५ |

वेग तिप्पट झाल्यास थांबण्याचे अंतर पाचपटीहून अधिक होते, हे कोष्टकावरून दिसून येईल. दमलेल्या अथवा बेसावध चालकाचा प्रतिक्रिया काल दोन सेकंदांपर्यंत व त्याहूनही अधिक असू शकतो. तसे झाल्यास ९० किमी. वेगाला आणखी २५ मी. अंतर वाढते. यावरून एक मूलभूत नियम निघतो : जेवढा रस्ता स्पष्ट दिसतो तेवढ्या अंतरात थांबता येईल असाच वेग असावा. वेगमर्यादेचा फलक हा वरची सीमा दाखवितो. दृश्यता कमी असल्यास सुरक्षित वेग त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

पुढील वाहनापासूनचे अंतर मीटरांत मोजणे चालत्या गाडीत अवघड असते. म्हणून ते सेकंदांत मोजतात. पुढील वाहन रस्त्याकडेच्या खांबाजवळून गेल्यानंतर आपली गाडी तेथे पोहोचण्यास किमान दोन सेकंद लागावेत. पावसात हे अंतर चार सेकंदांचे ठेवावे. मागील वाहन फारच जवळ आल्यास आपल्यापुढील अंतर वाढवावे, म्हणजे ब्रेक हळूहळू लावता येऊन मागच्यालाही अवधी मिळतो.

टायरची पकड व वळणे : गाडीचा रस्त्याशी संबंध चार टायरांच्या तळहाताएवढ्या पृष्ठभागांतूनच येतो. वेग वाढविणे, ब्रेक लावणे व वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे बल याच पकडीतून मिळते आणि तिची एकूण मर्यादा ठरलेली असते. वळणावर जोराने ब्रेक लावल्यास पकडीचा मोठा भाग ब्रेककडे खर्च होऊन वळण्यासाठी पुरेसे बल उरत नाही व गाडी घसरते. म्हणून वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच वेग कमी करून योग्य गिअर टाकावा, वळणात वेग स्थिर ठेवावा आणि वळण सुटू लागल्यावर तो हळूहळू वाढवावा.

वळणासाठी लागणारे केंद्राभिमुख बलही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० मी. त्रिज्येच्या घाटातील अरुंद वळणावर ताशी ३० किमी. वेगाला गाडीच्या वजनाच्या सु. ०·३५ पट बल लागते, तर ४० किमी. वेगाला ०·६३ पट लागते. ओल्या रस्त्यावर ०·४ पटच पकड मिळत असेल, तर पहिला वेग जेमतेम निभावतो आणि दुसरा निभावत नाही. रस्त्याला वळणाच्या आतील बाजूस दिलेला उतार थोडी मदत करतो. परंतु केवळ १० किमी. च्या फरकाने गाडी दरीच्या कठड्याकडे जाऊ शकते, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे.

चाके घसरू लागल्यास अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय अलगद काढावा, नजर ज्या दिशेने जावयाचे त्या दिशेला ठेवावी आणि स्टीअरिंग हळुवारपणे त्या दिशेला वळवावे. एकदम जोरात ब्रेक दाबल्यास जुन्या गाडीतील चाके जखडतात व जखडलेले चाक वळविता येत नाही. चाक जखडू न देणारी एबीएस ही ब्रेक प्रणाली भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना सक्तीची करण्यात आली. अशा गाडीत संकटसमयी ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरावा व गाडी अडथळ्यापासून वळवावी. त्या वेळी पायाला जाणवणारी थरथर ही प्रणालीच्या कार्याची खूण असते. ती जाणवताच पाय काढून घेणे ही सामान्य चूक होय. एबीएसमुळे गाडी वळविण्याची क्षमता टिकते; रस्ता ओला असल्यास थांबण्याचे अंतर वाढावयाचे ते वाढतेच.

घाटातील चालन : पुण्याहून कोकणात उतरणारा बोरघाट सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० मध्ये चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून सह्याद्रीतील घाटरस्ते हे महाराष्ट्रातील प्रवासाचे अविभाज्य अंग बनले आहेत. कसारा, माळशेज, ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, आंबोली इ. घाटांत तीव्र चढउतार, आंधळी वळणे, धुके आणि पावसाळ्यात दरडी कोसळणे या अडचणी एकत्र येतात.

घाट उतरताना गाडीची स्थितिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कोठेतरी खर्च व्हावी लागते. १,२०० किग्रॅ. वजनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे सु. ५०० मी. खाली उतरते तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सु. ५९ लक्ष जूल असते. एवढ्या ऊर्जेने सु. १७ लि. पाणी २०° से. पासून उकळीपर्यंत तापविता येईल. ही सर्व उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत व पट्ट्यांत साठू दिल्यास प्रथम पट्ट्यांचे घर्षण घटते. नंतर ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे ब्रेकचे पेडल तळापर्यंत जाते आणि ब्रेक लागत नाही. हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, तर बाष्प शोषलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १४०° से. पर्यंत उतरते. म्हणूनच ब्रेकचे तेल निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलणे आवश्यक असते.

या उष्णतेचा मोठा भाग एंजिनावर टाकणे हा उपाय होय. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की एंजिन गाडीला मागे ओढते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही चालकांतील जुनी शिकवण याच तत्त्वावर आधारलेली आहे. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच बदलावा. ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ नेमका जोर देऊन वेग उतरवावा व मग सोडून द्यावा, म्हणजे त्यांना निवण्यास अवधी मिळतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते. विजेवर चालणाऱ्या गाडीत चलित्र जनित्राप्रमाणे कार्य करून गाडी मंदावते आणि विद्युत् घटमालेत ऊर्जा परत भरली जाते. मात्र घटमाला पूर्ण भरलेली असल्यास हा परिणाम कमी मिळतो, हे घाटमाथ्यावर घटमाला भरून घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

उतारावर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून किंवा एंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय इंधन बचतीच्या समजुतीतून पडलेली आहे. ती धोक्याची आहेच, पण तिच्यामागील समजूतही आता चुकीची ठरली आहे. इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण असलेल्या एंजिनात गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असेल, तर ठराविक वेगापर्यंत इंधनाचा पुरवठा पूर्णतः थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. एंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य एकदोन वेळा ब्रेक दाबताच संपते व पेडल अतिशय जड होते. शक्तिचलित स्टीअरिंगचे साहाय्यही नाहीसे होते. शिवाय किल्ली पूर्ण फिरल्यास काही गाड्यांत स्टीअरिंगला कुलूप बसते.

रस्ता अरुंद असेल तेथे खाली येणाऱ्या गाडीने वर चढणाऱ्या गाडीस प्राधान्य द्यावे, असा नियम आहे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे, विशेषतः भारवाहू गाडीस, अवघड जाते. चढावर थांबल्यास हातब्रेक लावून, क्लच जोडला जात असल्याचे जाणवल्यावरच तो सोडावा. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा, आपली बाजू सोडू नये व ओलांडण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात धबधब्याखाली वा सुट्या खडकांच्या कड्याजवळ गाडी उभी करू नये. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती. रस्त्यावर ताजी माती, लहान दगड वा गढूळ पाण्याचा ओघ दिसणे ही अशा घटनेची पूर्वसूचना असू शकते.

पावसाळा : जून महिन्यातील पहिल्या सरी सर्वांत निसरड्या असतात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, रबराचे कण व धूळ यांचा पाण्याशी लगदा होतो आणि जोराच्या पावसाने तो धुऊन जाईपर्यंत पकड फार कमी मिळते. मराठवाडा व विदर्भ या भागांत शेतातून बाहेर येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर येते आणि ओली झाल्यावर तिच्यावरून गाडी साबणावरून घसरावी तशी घसरते.

रस्त्यावर पाण्याचा थर असताना टायरच्या नक्षीतील खाचा ते पाणी बाजूला सारतात. वेग फार वाढल्यास पाणी सारण्यास वेळ अपुरा पडतो, टायर पाण्याच्या पातळ थरावर उचलला जातो आणि स्टीअरिंग एकाएकी हलके लागते. नासातील प्रयोगांवरून मिळालेल्या सूत्रानुसार हा तरंगण्याचा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दर चौ. इंचास ३२ पौंड दाबाला तो ताशी सु. ९४ किमी., तर २४ पौंड दाबाला सु. ८२ किमी. येतो. खाचा झिजलेल्या असल्यास तो आणखी खाली येतो. खाचांची खोली १·६ मिमी. पर्यंत उतरली की टायरमधील झीजदर्शक पट्टी पृष्ठभागाबरोबर येते व टायर बदलणे आवश्यक ठरते. गाडी तरंगल्याचे जाणवल्यास ब्रेक न लावता व स्टीअरिंग न फिरविता अ‍ॅक्सिलरेटर सोडावा.

काचेवर आतून साचणारे बाष्प वातानुकूलन चालू करून हवेचा झोत काचेकडे वळविल्यास लवकर नाहीसे होते. पावसात मंद झोताचे दिवे लावावेत. चालत्या गाडीचे चारही इशाराकारक दिवे एकदम लुकलुकत ठेवण्याची पद्धत टाळावी, कारण त्यामुळे वळण्याचा इशारा देता येत नाही आणि मागील चालकास गाडी उभी आहे की चालू हे कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

पूर व साचलेले पाणी : वाहत्या पाण्याची खोली व ओढ यांचा अंदाज गाडीतून करता येत नाही. सु. ४ मी. लांब व १·६ मी. रुंद तळाच्या गाडीभोवती पाणी तळाच्या वर १० सेंमी. चढल्यास सु. ६४० किग्रॅ. उत्प्लावक बल निर्माण होते. म्हणजे १,२०० किग्रॅ. वजनाची गाडी तळाच्या वर २० सेंमी. पाणी होण्यापूर्वीच उचलली जाऊ लागते. जमिनीपासून तळाची उंची धरल्यास गुडघ्याच्याही खाली असलेले हे पाणी होय. त्याहून कमी पाण्यातही चाकांवरील भार घटल्यामुळे प्रवाह गाडीला बाजूला ढकलू शकतो. शिवाय पाण्याखालील रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह वाहने नदीत कोसळली. या दुर्घटनेत अंधारात पूल तुटल्याचे दिसण्यास अवसर नव्हता. पाण्याखाली गेलेल्या फरशीवरून जाण्याचा निर्णय मात्र चालकाचाच असतो व तो न जाण्याचाच असावा.

शहरात साचलेल्या उथळ पाण्यातून जाणे भाग पडल्यास पहिल्या गिअरमध्ये, संथ व अखंड गतीने, पुढील वाहन बाहेर पडल्यानंतर जावे. एंजिनात हवेच्या मार्गाने पाणी शिरल्यास ते दट्ट्याखाली दाबले जात नाही व संयोगी दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेले एंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून काही अंतर जावे, म्हणजे पट्ट्या सुकतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या मोटारगाड्यांत काही जण गुदमरून मरण पावले. पाणी दारापर्यंत चढू लागले असता काचा खाली करून, दारांची कुलपे उघडून, विजेवर चालणाऱ्या काचा बंद पडण्यापूर्वीच गाडी सोडणे श्रेयस्कर असते. काच फोडण्याचा लहान हातोडा हाताशी असावा.

धुके व रात्र : धुक्यातील जलबिंदूंवरून प्रखर झोत परावर्तित होऊन डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो, म्हणून खाली वळविलेला मंद झोत किंवा खालच्या बाजूस बसविलेले धुक्याचे दिवे वापरावेत. डावीकडील पांढरी रेघ वाटाड्याप्रमाणे उपयोगी पडते. पुढील गाडीच्या तांबड्या दिव्याला चिकटून जाण्यात ती गाडी चुकल्यास आपणही चुकण्याचा धोका असतो. धुके दाट झाल्यास रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबावे.

मंद झोतात साधारणतः ४० ते ६० मी. पर्यंतचाच रस्ता स्पष्ट दिसतो. ओल्या रस्त्यावर ६० किमी. वेगाला लागणारे ५२ मी. अंतर त्याच्याशी ताडून पाहिल्यास रात्रीच्या वेगाची मर्यादा ध्यानी येते. समोरून प्रखर झोत डोळ्यांवर आल्यानंतर दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. पाच सेकंदांत ६० किमी. वेगाची गाडी सु. ८३ मी. जाते. समोरून गाडी येताच झोत मंद करावा; समोरच्याने तसे न केल्यास त्याच्यावर प्रखर झोत टाकू नये, कारण त्यामुळे आंधळे झालेले दोन चालक एकमेकांसमोर येतात. वेग कमी करून रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे.

उसाच्या गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा येथील रस्त्यांवर बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या रात्रभर चालतात. त्यांना मागे दिवा वा परावर्तक नसल्यास आणि ऊस बाजूंनी बाहेर आलेला असल्यास त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. आषाढी वारीच्या काळात पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेपासून पायी दिंड्या असतात. अशा ऋतूंची जाण असणे हा चालकाच्या कौशल्याचाच भाग आहे.

ओलांडणे : दुपदरी रस्त्यावर ओलांडण्यास लागणारे अंतर चालकाच्या अंदाजापेक्षा बहुधा अधिक असते. ताशी ५० किमी. वेगाच्या ट्रकला ७० किमी. वेगाने ओलांडताना वेगांतील फरक सेकंदाला केवळ ५·६ मी. असतो. मागील व पुढील सुरक्षित अंतर आणि ट्रकची लांबी मिळून ५० मी. धरल्यास सु. ९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपली गाडी १७५ मी. पुढे जाते व समोरून ७० किमी. वेगाने येणारी गाडीही तितकीच जवळ येते. म्हणजे किमान ३५० मी. रस्ता मोकळा दिसावयास हवा. तो दिसत नसल्यास थांबून राहण्याने प्रवासाची फार तर काही मिनिटे वाया जातात.

द्रुतगती मार्ग व उन्हाळा : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा भाग जून २०२५ मध्ये खुला होऊन ७०१ किमी. चा हा मार्ग पूर्ण झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर दीर्घकाळ एकाच वेगाने जाताना लक्ष बोथट होते व डोळे उघडे असूनही चालक पेंगू शकतो. ताशी ९० किमी. वेगाला तीन सेकंदांच्या डुलकीत गाडी ७५ मी. जाते. दर दोन तासांनी थांबून खाली उतरावे. झोप येऊ लागल्यास खिडकी उघडणे वा गाणी लावणे हे उपाय टिकत नाहीत. सुरक्षित जागी थांबून झोप घेणे हाच उपाय होय. सर्दीवरील काही औषधांनीही गुंगी येते.

हवेचा दाब कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, त्यामुळे तापतो आणि अतिवेग, जादा भार व तापलेला रस्ता यांची भर पडल्यास फुटतो. दाब प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, निर्मात्याने दिलेल्या आकड्यानुसार भरावा. उन्हाळ्यात तो मुद्दाम कमी ठेवणे अपायकारक आहे. टायर फुटल्यास स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ब्रेक एकदम दाबू नये आणि वेग आपोआप उतरल्यावर कडेला घ्यावी.

बर्फाच्छादित प्रदेश : हिमालयातील रस्त्यांवर बर्फ गोठून काच तयार झाल्यास घर्षण गुणांक ०·१ पर्यंत उतरतो. अशा वेळी ३० किमी. वेगालाही केवळ ब्रेक अंतर सु. ३५ मी. होते. चाकांना साखळ्या बांधणे, वरच्या गिअरमध्ये हळू निघणे आणि प्रत्येक क्रिया मृदूपणे करणे ही पथ्ये पाळावी लागतात.

इंधनाची बचत : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग ८० वरून १०० किमी. केल्यास तो सु. ५६ टक्क्यांनी वाढतो. टपावरील रिकामे कॅरिअर, कमी दाबाचे टायर व डिकीतील अनावश्यक ओझे यांमुळेही इंधन अधिक लागते. तथापि सर्वांत मोठा अपव्यय वारंवार वेग वाढवून लगेच ब्रेक लावण्यात होतो, कारण इंधनातून मिळविलेली गतिज ऊर्जा प्रत्येक ब्रेकबरोबर उष्णता होऊन वाया जाते. दूरवर पाहून, तांबडा दिवा दिसताच अ‍ॅक्सिलरेटर सोडणारा चालक इंधन वाचवितो, ब्रेकच्या पट्ट्या वाचवितो आणि अपघाताची शक्यताही घटवितो. सुरक्षितता व काटकसर यांत विरोध नसून दोहोंचे मूळ पूर्वदृष्टीतच आहे [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

चालक व सहप्रवासी : मोबाइल दूरध्वनीवरील मजकूर वाचण्यास पाच सेकंद लागले, तर ताशी ८० किमी. वेगाची गाडी सु. १११ मी. अंतर न पाहता जाते. तीन बिंदूंत बांधला जाणारा सुरक्षा पट्टा नील्स बोलीन या स्वीडिश अभियंत्यांनी १९५९ मध्ये तयार केला. आघाताच्या वेळी पट्टा न बांधलेली व्यक्ती गाडीच्याच वेगाने पुढे फेकली जाते. मागील आसनावरील व्यक्ती तर पुढच्या माणसावर आदळून त्याच्याही मृत्यूस कारण होऊ शकते. म्हणून मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधणे आवश्यक आहे व कायद्यानेही ते बंधनकारक आहे. हवापिशवी ही पट्ट्याला पूरक असून त्याची जागा घेऊ शकत नाही. लहान मुलास मांडीवर घेऊन पुढे बसल्यास आघाताच्या वेळी त्याला हातांनी धरून ठेवणे कोणत्याही प्रौढास शक्य होत नाही.

गाडी बंद पडल्यास ती शक्य तेवढी कडेला घेऊन इशाराकारक दिवे लावावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांना गाडीत न बसविता कठड्यापलीकडे उभे करावे. अपघातसमयी महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आणि सर्वसाधारण आपत्तीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्या व्यक्तीस २०१९ च्या सुधारणेने कायदेशीर संरक्षण दिले असून तिच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे अपघातस्थळी थांबून जखमीस रुग्णालयात पोहोचविण्यास कोणत्याही चालकाने कचरण्याचे कारण उरलेले नाही.